शेतावरील कुटीनिवास : वैद्याने काय पाहावे, काय सांगावे

गेल्या काही वर्षांत रुग्ण वैद्याला एक नवा प्रश्न विचारू लागले आहेत : "चार-आठ दिवस शेतावर जाऊन राहिलो तर प्रकृतीला मानवेल का?" २००५ साली बारामती परिसरात पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाच्या संघटित कार्यास प्रारंभ केला. पुढे २०२० साली महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण स्वीकारले. आज राज्यात अनेक शेतकरी कुटुंबे स्वतःच्या शेतात मातीची अथवा लाकडाची साधी कुटी उभारून पाहुण्यांना ठेवून घेतात. घरचे धान्य, घरचे दूध, शेणखत, बांधावरची झाडे असा त्यांचा संसार. त्यांतील पुष्कळ कुटुंबे रसायने टाळून शेती करतात.

या प्रश्नाला "अवश्य जा, निसर्गात सर्व काही उत्तमच" असे उत्तर देणे सोपे आहे. परंतु देश, काल, प्रकृती व सात्म्य यांचा विचार न करता दिलेला सल्ला हा आयुर्वेदाचा सल्ला नव्हे. म्हणून या विषयाची शास्त्राच्या आधारे मांडणी येथे करीत आहोत. औषधनिर्मात्यांशी संबंधित भाग शेवटी घेतला आहे.

कुटीप्रवेश आणि कुटीनिवास

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. काही ठिकाणी शेतावरील चार दिवसांच्या वास्तव्याला 'कुटीप्रावेशिक रसायन' असे भारदस्त नाव देऊन जाहिरात केली जाते. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात वर्णिलेली कुटी ही एकात एक अशा तीन गर्भांची, जाड भिंतींची, सूक्ष्म गवाक्षांची, सर्व ऋतूंत सुखकर आणि अप्रिय शब्दांपासून दूर अशी आहे. वैद्य व औषधे तेथे सज्ज असावीत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. हा विधी समर्थ, निरोगी, बुद्धिमान, संयमी, कामाच्या व्यापातून मोकळ्या आणि साधनसंपन्न व्यक्तीसाठी आहे. शिवाय शोधनाखेरीज रसायन नाही.

शेतावरच्या कुटीत वारा, ऊन, माणसे, गुरे यांचा मुक्त संचार असतो. तेव्हा तिचे नाते जुळलेच तर वातातपिक विधीशी जुळेल, आणि खरे पाहता दिनचर्या व ऋतुचर्या यांच्या पालनाशी जुळेल. हे गौण नव्हे. नागरी जीवनात रुग्णाला सर्वांत दुर्लभ झालेली गोष्ट म्हणजे वेळेवर निद्रा, वेळेवर क्षुधा आणि शरीरश्रम. ती कुटीत सहज साधते. मात्र तेथे वैद्य उपस्थित नसताना वमन, विरेचन वा बस्ती करविणे सर्वथा अनुचित होय. व्यापद उद्भवल्यास ती ओळखणार कोण, आणि संसर्जनक्रम सांभाळणार कोण? असे कार्यक्रम आखणाऱ्यांना आपल्या व्यवसायबंधूंनी आपले नाव वापरू देऊ नये.

देशविचार

आनूप, जांगल आणि साधारण हा देशभेद आपण सर्व जाणतो. रुग्णाला सल्ला देताना मात्र तो विसरला जातो. कोकणातील भातशेती, पाणथळ व दाट झाडी हा आनूपाचा प्रकार. तेथे कफ व वात यांचे प्राबल्य. सोलापूर, बीडकडील कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश जांगलाकडे झुकणारा. तेथे वात व पित्त बलवान. त्यामुळे संधिवाताच्या वा आमवाताच्या रुग्णाला ऐन श्रावणात कोकणातील कुटीत पाठविणे, अथवा पित्तप्रकृतीच्या रुग्णाला वैशाखात माळरानावर पाठविणे, हे दोन्ही सल्ले सारखेच चुकीचे.

कुटीची बांधणीही विचारात घ्यावी. मातीची जाड भिंत, कारवीच्या कुडाची लिंपलेली भिंत किंवा चिऱ्याची भिंत यांचे गुण निराळे. जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता हळूहळू आत येऊ देते. पातळ पत्र्याचे छप्पर दुपारी तापते व पहाटे गार पडते. जोते उंच नसल्यास पावसाळ्यात जमीन ओल धरते. चुलीचा धूर बाहेर जाण्यास वाट आहे किंवा नाही, हेही पाहावे. धूळ, धूर, वारा, थंड स्थान व थंड पाणी ही श्वासाची कारणे चरकांनी एकत्र सांगितली आहेत. मळणीच्या हंगामात शेतावर यांतील बहुतेक सर्व हजर असतात. श्वासाच्या रुग्णाला पाठविण्यापूर्वी ही चौकशी फोनवरून का होईना, पण करावी.

कालविचार

महाराष्ट्रात शहरी मंडळींची शेतावर जाण्याची हौस सर्वाधिक उफाळते ती पावसाळ्यात. शास्त्राच्या दृष्टीने नेमका हाच काळ सर्वांत जपण्याचा. वर्षा ऋतूत अग्नी मंद व वात प्रकुपित असतो. नदीचे पाणी, दिवास्वाप, अतिश्रम व ऊन वर्ज्य सांगितले आहे. वाग्भटांनी तर बाष्प, गारवा व तुषार यांपासून मुक्त अशा घराच्या वरच्या भागात राहावे, असे म्हटले आहे. ओल्या जमिनीवर गादी टाकून झोपणे आणि धबधब्यात तासन्‌तास भिजणे याच्या बरोबर विरुद्ध आहे.

मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ सर्वांत अनुकूल. हेमंत-शिशिरात अग्नी प्रबळ असतो, श्रम सोसतात, आणि याच दिवसांत ज्वारीचा हुरडा, तीळ, गूळ, बाजरी शेतावर उपलब्ध असते. हुरडा गुरू व वातकर असला तरी प्रबळ अग्नी तो पेलतो. तथापि मंदाग्नी रुग्णाने तो चवीपुरताच खावा. वसंतात कफ पातळ होत असल्याने शेतातील कष्टाची कामे हितकर. ग्रीष्मात श्रम टाळावे, दुपारची विश्रांती घ्यावी.

आहार व सात्म्य

'ताजे तेवढे उत्तम' ही शहरी समजूत येथे तपासून घ्यावी लागते. नवे धान्य गुरू व अभिष्यंदी. एक वर्ष जुने धान्य लघू. मधुमेह व स्थौल्य यांच्या रुग्णांना यजमानांकडून जुने धान्य मागून घेण्यास सांगावे. शेतकऱ्याच्या घरात ते बहुधा कणगीत असतेच. दूध निरसे न पिता तापवूनच घ्यावे. रात्री दही टाळावे.

सात्म्यात अकस्मात केलेला बदलही त्रास देतो. चरकांनी अपथ्य सोडण्याचा व पथ्य स्वीकारण्याचा पादांशिक क्रम सांगितला आहे. मध्यरात्रीनंतर झोपणारा रुग्ण एकदम रात्री नऊला आडवा झाला तर तळमळत राहतो आणि दुसऱ्या दिवशी कुटीलाच दोष देतो. निघण्यापूर्वी आठवडाभर झोपेची वेळ थोडी थोडी अलीकडे आणावी आणि परतल्यावरही तो क्रम राखावा. वास्तव्याचा खरा लाभ परतीनंतर किती टिकला यावरून ठरतो.

मधुमेही व हृद्रोगी रुग्णांनी चालू औषधे पुरेशी बरोबर न्यावीत व ती स्वतःहून बंद करू नयेत. एरवी बैठे काम करणाऱ्या मधुमेह्याने दिवसभर शेतात राबल्यास साखर अचानक उतरू शकते. अनवाणी चालण्याचा मोह तर त्याने पूर्णपणे टाळावा.

धोक्यांची जाण

वाग्भटांच्या दिनचर्येत पादत्राण घालून व पुढे चार हात भूमी पाहून चालावे, आणि रात्री निकडीच्या कामासाठीच, हाती काठी व सोबत माणूस घेऊन बाहेर पडावे, असा उपदेश आहे. शेतावर त्याचे मोल प्रत्यक्ष कळते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी सर्प आपल्या राज्यात आढळतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यास दंश करते. वेदना अल्प असल्याने दंश लक्षातही येत नाही. पहाटे पोटदुखी व पापण्या जड होणे ही तिची खूण. म्हणून खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचूनच झोपावे. दंश झाल्यास तो भाग स्थिर ठेवून, चिरा, चोखणे वा करकचून बांधणे यांपैकी काहीही न करता, सर्पविषरोधक लस असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. आपल्या अगदतंत्राचा आम्हाला अभिमान आहे. परंतु त्या घटकेला चूर्ण वा काढा देण्यात दवडलेला वेळ रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. औषधविक्रेत्यांनीही सर्पदंशावरील म्हणून कोणतेही द्रव्य हाती देऊ नये.

दुसरी जाण ज्वराची. भातखाचरातून परतलेल्या रुग्णास दोन-तीन आठवड्यांच्या आत तीव्र ज्वर, पोटऱ्यांत वेदना व डोळ्यांत लाली आढळल्यास लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी. अंगावर काळी खपली शोधावी. ती स्क्रब टायफसची खूण असू शकते. सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात २०१६ साली गोचिडांमार्फत पसरणाऱ्या माकडतापाचा उद्रेक झाला होता. "अलीकडे कुठे राहून आलात?" हा एक प्रश्न ज्वराच्या प्रत्येक रुग्णास विचारावा, आणि तपासणीसाठी विलंब न करता पाठवावे.

औषधनिर्मात्यांसाठी

आमच्या मते या कुटीचा खरा लाभ औषधनिर्मात्याने घ्यावा. बाजारातून पोत्याने आलेल्या द्रव्याचा देश, काल व अंग आपल्याला कळत नाही. अशोकाच्या सालीऐवजी आसोपालवाची साल येते, हे आपण जाणतोच. गुळवेलीच्या नावाखाली तिच्याच कुळातील दुसरी वेल वापरली जाण्याचा धोका इतका खरा आहे की, यकृतास अपाय झाल्याच्या वृत्तांनंतर २०२२ साली केंद्रीय आयुष मंत्रालयाला या दोन वेलींतील भेद जाहीरपणे स्पष्ट करावा लागला.

चरकांनी कल्पस्थानात मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात आणि सार हेमंतात घेण्यास सांगितले आहे. पावसाळ्याच्या मध्यास पेरलेली अश्वगंधा पाच-सहा महिन्यांनी, पाने वाळून फळे लाल झाल्यावर, म्हणजे साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात खणतात. शास्त्रवचन व शेतकऱ्याचा अनुभव येथे एकमेकांस दुजोरा देतात. निर्मात्याने खणणीच्या वेळी दोन दिवस कुटीत राहिल्यास त्याला वनस्पती ओळखता येते, सावलीत वाळवणे पाहता येते, शेजारच्या शेतातील फवारणीचे तुषार इकडे येतात का हे कळते. २००० सालापासून लागू असलेल्या अनुसूची टी प्रमाणे कच्च्या द्रव्याच्या नोंदी आपल्याला ठेवाव्याच लागतात. त्यात शेताचे नाव, अंग व खणणीची तारीख यांची भर पडली तर ती नोंद केवळ निरीक्षकासाठी न राहता रुग्णाच्या हिताची ठरेल.

यात शेतकऱ्याचेही हित पाहिले पाहिजे. २००० नंतरच्या काही वर्षांत खरेदीच्या मोठ्या आश्वासनांवर अनेकांनी सफेद मुसळी लावली आणि भाव कोसळल्यावर ते कर्जात सापडले. म्हणून आधी खरेदी लेखी ठरवावी, मग लागवड सुचवावी. आरंभी बांधावर शतावरी, गुळवेल, अडुळसा इतकेच पुरे. पाहुण्यांचे उत्पन्न आणि औषधींची निश्चित खरेदी या दोन आधारांवर ते कुटुंब शेतीत टिकले, तरच आपल्या औषधांची मुळे टिकतील.

प्रत्येक जिल्हा शाखेने आपल्या भागातील अशा दोन-चार शेतांची देश, पाणी, बांधणी, जवळचे रुग्णालय व उपलब्ध वनस्पती यांसह नोंद करावी, अशी आमची विनंती आहे. मग रुग्णाच्या प्रश्नाला "कुठे, केव्हा, किती दिवस आणि कोणत्या पथ्याने" असे नेमके उत्तर देता येईल. इत्यलम्.