मिठाची बरणी आणि धान्याची कोठी

तंबाखू हे व्यसन होय आणि आपल्या समाजात त्याची प्रशंसा करण्याचे काही कारण नाही. तथापि गुण कोणाच्याही घरी दिसो, व्यापाऱ्याने तो पारखून घ्यावा. पाश्चात्त्य देशांतील शौकीन लोक आपले चिरूट ह्युमिडॉर नावाच्या लाकडी पेटीत ठेवतात. तिला आतून स्पॅनिश सीडर या सुगंधी लाकडाचे अस्तर असते, झाकण घट्ट बसते आणि आतील हवेची आर्द्रता शेकडा ६५ ते ७० राखली जाते. ती फार उतरली तर पान कडक होऊन तडकते. फार चढली तर बुरशी धरते. पेटीत आर्द्रतामापक असतो. तो खरा की खोटा हे ताडण्याची युक्ती मात्र आपल्या स्वयंपाकघरातील आहे. बंद भांड्यात किंचित ओले मीठ ठेवले म्हणजे काही तासांत आतील आर्द्रता ७५ वर स्थिरावते. मापकाने ७५ दाखविले की तो खरा.

या एका आकड्यात आपल्या गृहिणींसाठी मोठा बोध आहे. आषाढ-श्रावणात मिठाच्या बरणीस पाणी सुटते, तेव्हा घरातील हवा ७५ च्या वर गेली असे समजावे. अशा हवेत उघडे राहिलेले धान्य ओलावा ओढून घेते. ७० आर्द्रतेच्या हवेतही गहू हळूहळू साडेतेरा-चौदा टक्के ओलाव्यावर येतो आणि तेथून बुरशीस वाव मिळतो. सरकारी खरेदीत गव्हाचा ओलावा १२ टक्क्यांवर गेला की भाव कापला जातो आणि १४ वर गेल्यास माल नाकारला जातो, तो याच कारणाने. चिरुटास जी हवा मानवते, तेथेच धान्याच्या धोक्यास आरंभ होतो. पेटीने ओलावा आत राखावा, कोठीने तो बाहेर ठेवावा, एवढाच दोहोंत भेद.

शत्रू मात्र उभयतांचा एक आहे. चिरुटास भोके पाडणारा दोन-तीन मिलिमीटर लांबीचा तांबूस भुंगेरा आपली हळद, मिरची आणि धनेही पोखरतो.

येथे आपल्यापुढे धर्माचा प्रश्न उभा राहतो. कीड झाल्यावर तिचा नाश करणे हे पाप; परंतु कीड होईल अशी स्थिती आपल्या आळसाने निर्माण करणे हे त्या पापाचे मूळ होय. पुष्कळ घरी यावर सोपा उपाय म्हणून कोठीत विषारी गोळी टाकतात. प्रस्तुत लेखकानेही एके काळी ओळखीच्या गिऱ्हाइकांस अशा गोळ्या पुडीत बांधून दिल्या आहेत. एके दिवशी त्यांपैकी एक गृहस्थ सकाळीच पेढीवर आले. कोठीच्या खोलीत निजलेल्या त्यांच्या नातवास रात्रभर उलट्या होऊन श्वास लागला होता. मूल दैवयोगाने वाचले. त्यांनी मला दोष दिला नाही. त्यामुळेच ती गोष्ट अधिक लागली. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची तीन ग्रॅमची एक गोळी हवेतील ओलाव्याने सुमारे एक ग्रॅम विषारी वायू सोडते आणि त्या वायूवर उतारा नाही. कायद्यानेही ही वस्तू घरगुती वापरासाठी विकता येत नाही. त्या दिवसापासून माझ्या पेढीवर ती पुडी बांधली गेली नाही.

मग करावे काय? वर्षाचे धान्य चैत्र-वैशाखात घ्यावे. गहू, जोंधळा व डाळी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवाव्यात. तांदूळ मात्र सावलीत पसरावा, कारण उन्हाने दाणा तडकतो. वाळलेले धान्य रात्रभर निवू द्यावे. गरम धान्य भरल्यास कोठीस आतून घाम सुटतो. संशय वाटल्यास कोरड्या बाटलीत मूठभर धान्य व चमचाभर कोरडे मीठ घालून मिनिटभर हलवावे. मीठ काचेस चिकटले तर धान्य अजून ओले आहे. जुन्यावर नवे धान्य ओतू नये. तुरीच्या डाळीस एरंडेलाचा हलका हात द्यावा. कोठी काठोकाठ भरावी, फळीवर ठेवावी आणि भिंतीपासून हातभर दूर असावी. पावसाच्या झडीत झाकण उघडू नये. उघाड पडलेल्या दिवशी महिन्याचे धान्य एकदम काढून घ्यावे.

यास खर्च नाही, फक्त जागरूकता लागते. माझ्या व्यापारी बंधूंस नम्र विनंती एवढीच, की गिऱ्हाईक गोळी मागेल तेव्हा त्यास ही चार वाक्ये सांगावीत. त्यात विक्री बुडेल ती दोन-चार रुपयांची. राखले जाईल ते एखाद्या घरचे मूल आणि आपले व्रत.