पहिलं अनुदान, तिच्याच नावावर

पीएचडी झाली, मग लग्न, बाळंतपण, बदली... आणि लॅब सुटली ती सुटलीच. अशी कुणी ओळखीची असेल तर तिला 'बायोकेअर' नक्की सांगा! केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची, म्हणजे डीबीटीची, ही योजना २०११ पासूनची. नोकरी असो वा नसो, ५५ वर्षांपर्यंतच्या महिला शास्त्रज्ञांसाठी. मुख्य अट म्हणजे बाहेरून मिळणारं हे तिचं पहिलंच संशोधन अनुदान हवं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की प्रकल्पप्रमुख तीच. कुठली रसायनं मागवायची, आधी कुठला प्रयोग लावायचा, हे तीच ठरवणार. मात्र प्रयोगासाठी जागा देणारी संस्था लागते. जाहिरातीची वाट न बघता तिथल्या प्राध्यापकांशी आत्ताच बोलून ठेवा.