पोटरीतला गोळा आणि उडालेली झोप



उसाच्या पानावर तांबेऱ्याचे ठिपके दिसले, की आपण पान हातात घेऊन निरखतो, गट ऑफिसला निरोप धाडतो, शेतकी अधिकाऱ्याला बांधावर आणून दाखवतो. पण मध्यरात्री पोटरीत गोळा येऊन घरातला माणूस ओरडत उठला, तर त्याची चौकशी "वाताचं असंल", "वय झालं आता" एवढ्यावर मिटते. घरधनीण उठते, तेल चोळते, गोळा बसतो. पण गेलेली झोप परत येत नाही. सकाळी डोळे जड, अंग मोडलेले, आणि स्वभाव चिडका. दुसऱ्या रात्री अंथरुणावर पडण्याचीच धास्ती वाटू लागते.

हे दुखणे कोणालाही होऊ शकते. पण ज्यांना मधुमेह जडून दहा-पंधरा वर्षे झाली आहेत, त्यांच्या घरी ते जास्त वेळा मुक्कामाला येते. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांच्याबरोबर जागणाऱ्यांसाठी आहे.

गोळा येतो म्हणजे काय होते?

स्नायूला आखडण्याचा हुकूम मज्जातंतूकडून जातो. हा हुकूम कारण नसताना आणि सारखा सारखा सुटू लागला, की स्नायू आवळून दगडासारखा होतो. यालाच कोणी गोळा म्हणते, कोणी वांब, कोणी पेटका. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की पायाच्या लांब मज्जातंतूंना इजा पोचते. मग तळपायाची आग, मुंग्या, टोचणी, बधिरपणा आणि त्याच्या जोडीला गोळे सुरू होतात. हा त्रास रात्री जास्त जाणवतो.

दुसरे कारण पाण्याचे. साखर वाढली, की ती लघवीवाटे बाहेर पडते आणि बरोबर पाणीही ओढून नेते. रात्रीत चार-चार वेळा उठावे लागते, झोप तुटते ती तुटतेच, वर अंगातले पाणी आणि क्षारही कमी होतात. त्यात दिवसभर उन्हात घाम गाळलेला असेल, तर गोळ्याला आयतेच निमंत्रण.

तिसरे, गोळ्यामागे साखरेखेरीज दुसरी कारणेही असतात. मूत्रपिंडाचा विकार, थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावणे, यकृताचा आजार, रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी, यांनीही पाय आखडतात. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही चांगली व जुनी गोळी आहे. पण ती बरीच वर्षे घेणाऱ्या काहींच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी पडते आणि त्यानेही मज्जातंतू दुबळे होतात. म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना विचारून बी-१२ तपासून घ्यावे, कमी असेल तर ते भरून काढता येते.

गोळा आला तर

घाबरून पाय झाडू नये. गुडघा सरळ करावा, पायाची बोटे हाताने धरून नडगीच्या दिशेने ओढावी आणि तसेच धरून ठेवावे. हात पोचत नसेल तर टॉवेलचा फास चवड्यात अडकवून ओढावे. उभे राहता येत असेल, तर टाच जमिनीला टेकवून त्या पायावर भार द्यावा. आखडलेला स्नायू ताणला, की तो सैल पडतो. नंतर हलक्या हाताने चोळावे.

इथे एक इशारा ठळकपणे देणे भाग आहे. आपल्याकडे पाय दुखला की गरम पाण्याची पिशवी, तापवलेली वीट, नाही तर शेगडीचा शेक द्यायची रीत आहे. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला चटका कळतच नाही. शेकता शेकता कातडी भाजते, सकाळी फोड दिसतो, फोडाची जखम होते, जखम चिघळते आणि गोष्ट बोट किंवा पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते. गोळा दोन मिनिटांचा असतो, पाय जन्माचा असतो. अशा माणसाला शेक देऊ नये.

गोळा येऊ नये म्हणून

झोपण्यापूर्वी पायाच्या शिरा ताणण्याचा व्यायाम करावा. भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर तोंड करून उभे राहावे, तळहात भिंतीला टेकवावे, टाचा न उचलता अंग पुढे झुकवावे. पोटरीला ताण बसला, की वीसपर्यंत आकडे मोजावे आणि मागे यावे. असे तीन वेळा. तोल जाणाऱ्याने जवळ माणूस ठेवावा किंवा बसूनच टॉवेलने चवडा ओढावा. नेदरलँड्समध्ये पंचावन्न वर्षांवरील ८० जणांवर सहा आठवडे असा प्रयोग झाला आणि २०१२ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. रोज रात्री पोटऱ्या व मांडीच्या मागचे स्नायू ताणणाऱ्यांना गोळे कमी वेळा आले. यात पैसा खर्च होत नाही आणि डॉक्टरची फीही लागत नाही.

जड वाकळ पायथ्याशी घट्ट खोचू नये. तिच्या भाराने चवडा खाली दबतो, पोटरी आखूड होते आणि गोळा धरतो. पांघरूण पायाशी सैल असावे.

पाणी दिवसभरात विभागून प्यावे, रात्री निजताना तांब्याभर नव्हे. लघवीची गोळी चालू असेल, तर ती सकाळी घेता येईल का, ते डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असणाऱ्याने मात्र पाणी व मीठ यांचे प्रमाण डॉक्टर सांगतील तेवढेच ठेवावे. "मीठ-साखरेचं पाणी पी, गोळा बसंल" हा शेजाऱ्याचा सल्ला त्यांच्यासाठी नाही.

मॅग्नेशियमच्या गोळ्यांची शिफारस पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. पण वयस्क माणसांवरच्या चाचण्यांत त्यांचा म्हणावा असा उपयोग दिसलेला नाही. हिवतापावरचे क्विनाईन पूर्वी गोळ्यांसाठी सर्रास देत. त्याने रक्तातील पेशी आणि हृदयाचे ठोके यांवर धोक्याचे परिणाम होऊ शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली व पुन्हा २०१० साली या वापराविरुद्ध इशारा दिला. परस्पर आणून घेऊ नये.

सगळाच त्रास गोळ्याचा नसतो

काहींना पोटरी आवळत नाही, पण पडले की पायात वळवळ सुटते. पाय हलवावेसे वाटतात, उठून अंगणात चार फेऱ्या मारल्या की बरे वाटते, पडले की पुन्हा तेच. हा वेगळा विकार आहे. स्वीडनचे डॉक्टर कार्ल एकबॉम यांनी १९४५ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. अंगात लोह कमी असणे आणि मूत्रपिंडाचा आजार ही त्याची दोन नेहमीची कारणे आहेत. रक्त तपासले तर उपाय सापडतो.

कोणी मोठ्याने घोरत असेल, मध्येच श्वास थांबून दचकून उठत असेल आणि दिवसा बसल्या जागी पेंगत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. झोपणाऱ्याला हे ठाऊक नसते. सांगायचे काम घरच्यांचे.

झोपेची घडी परत कशी बसवावी?

गोळा थांबला तरी झोप येत नाही, कारण अंथरूण आणि जागरण यांची मनात गाठ पडलेली असते. ती सोडवण्याची रीत अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडली. रीत साधी आहे. झोप आली तरच आडवे व्हावे. वीसेक मिनिटे टक्क जागे राहिलो, असे वाटले तर उठावे, दुसरीकडे मंद उजेडात शांत बसावे, नामस्मरण करावे, आणि डोळे पेंगुळले की परत यावे. घड्याळाकडे व मोबाईलकडे बघू नये. झोप कितीही कमी झाली, तरी सकाळी उठण्याची वेळ बदलू नये. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या वर नको. पहिले आठ-दहा दिवस जड जातात, मग घडी बसू लागते. जुनाट निद्रानाशावर आधी असे सवयींचे उपचार करावेत, गोळ्या नंतर, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली केली आहे.

दुपारनंतर चहा बेताने. रात्रीची तंबाखू, मशेरी, विडी ही झोपेची वैरी आहेत. निकोटिन मेंदूला जागे ठेवते. "घोटभर घेतली की झोप लागते" म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल, तर दारूने साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते.

रात्रीच्या पाण्याची पाळी

शेतीपंपाची वीज जिथे अजून रात्रीची आहे, तिथे मधुमेही सभासदाने उपाशीपोटी उसाला पाणी पाजायला जाऊ नये. इन्सुलिन किंवा गोळी घेतलेली, जेवण राहिलेले आणि वर पाटाचे काम, यात साखर एकदम उतरते. दरदरून घाम, हातापायाला कापरे, छातीत धडधड, डोके भणभणणे ही तिची खूण. झोपेत असेल तर वाईट स्वप्ने पडतात, कपडे घामाने भिजतात. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी बरे नसेल तर पुन्हा द्यावी, मग भाकरी खाऊ घालावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखान्यात न्यावे. खिशात साखरेची पुडी बांधूनच शेतावर जावे. मधुमेह्याला आपली साखर औषध म्हणून लागते, ती अशा वेळी.

पाण्यात अनवाणी शिरू नये. उसाचे बुडखे बधिर पायाला कापतात आणि कळत नाही. घरी आल्यावर तळवे उजेडात बघावे. आपल्याला दिसत नसतील तर सुनेला, नातवाला बघायला सांगावे. यात कमीपणा नाही.

दुकानातून आणलेल्या गोळ्या

अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे, तरी ती ओळखीवर मिळते. तिची सवय लागते, रात्री लघवीला उठताना तोल जातो, म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडते. जे बरेच दिवस घेत आहेत त्यांनी ती एकदम तोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी. अंगदुखीच्या गोळ्याही रोज घेतल्या तर मूत्रपिंडाला मारक ठरतात.

वाट पाहू नये असे प्रसंग

एकच पोटरी सुजली, लाल झाली, गरम लागते. चालताना पाय भरून येतो आणि थांबले की राहतो. पायातली ताकद कमी झाली. पायाला जखम आहे आणि ती भरत नाही. फडात काही लागल्यानंतर जबडा आवळू लागला. हा धनुर्वात असू शकतो. यांतले काहीही दिसले, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

बाकीच्यांनी एवढे करावे. पाण्याच्या पाळ्या लिहायची वही असते, तिच्या मागच्या पानांवर पंधरा दिवस रोज चार ओळी लिहाव्यात: किती वाजता पडलो, किती वेळा उठलो, गोळा कोणत्या पायात व किती वेळ राहिला, दिवसभरात कोणकोणती औषधे घेतली. ती वही आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जावे. "झोप येत नाही" एवढेच सांगितले, तर झोपेची गोळी मिळण्याचा संभव असतो. वही पुढे ठेवली, तर कारणाचा शोध सुरू होतो.