चालता येणे कसे मोजावे?

अपघातात डोक्याला मार लागून दोन-तीन महिने इस्पितळात काढलेले मूल शाळेत परत येते. दारातून चालत येऊन बाकावर बसते आणि आपल्याला वाटते, झाले बरे. मधल्या सुट्टीत मात्र ते भिंतीला टेकून उभे राहते. मग सुधारणा झाली की नाही? झाली तर किती? उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे, हे बऱ्याचदा याच उत्तरावर ठरते.

उंचीला फूटपट्टी आहे. हालचालीची पट्टी तयारच करावी लागते. कॅनडातील डायॅन रसेल, पीटर रोझेनबॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये 'ग्रॉस मोटर फंक्शन मेजर' ही पट्टी प्रसिद्ध केली. ती मुख्यतः सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी होती. पण तिची पारख करताना डोक्याला इजा झालेली मुलेही घेतली होती. तीत ८८ कृती आहेत : पडून राहणे व लोळणे १७, बसणे २०, रांगणे व गुडघ्यांवर उभे राहणे १४, उभे राहणे १३ आणि चालणे, पळणे, उडी मारणे २४. कृती सुरूच झाली नाही तर ०, नुसती सुरुवात झाली तर १, अर्धवट जमली तर २, पूर्ण जमली तर ३ गुण. मूल किती करते एवढेच येथे पाहतात; किती सफाईने करते हे नाही.

प्रत्येक गटाची टक्केवारी काढून पाचांची सरासरी घेतात. आता थोडे गणित करू. उभे राहण्याचे एकूण गुण ३९, चालण्या-पळण्याचे ७२. उभे राहण्यातील एक कृती ० वरून ३ वर गेली, तर सरासरी १.५४ ने वाढते. चालण्यातील एक कृती तशीच सुधारली, तर वाढ फक्त ०.८३! मुलाचे कष्ट कदाचित दुसऱ्या वेळी जास्त असतील.

गुणांचे हे दुखणे शिक्षकांना नवे नाही. ३५ चे ४० होणे आणि ९० चे ९५ होणे सारखे नसते. डॅनिश गणिती गेओर्ग राश यांनी १९६० साली परीक्षांसाठीच यावर उपाय मांडला : प्रश्नाची काठिण्यपातळी आणि मुलाची क्षमता दोन्ही एकाच पट्टीवर आणायच्या. ही रीत वापरून २००० साली ८८ पैकी ६६ कृती निवडून त्यांची काठिण्यपातळी ठरवली गेली. वर्गातले गणित असे इस्पितळात पोचले. मात्र ही काठिण्यपातळी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांवरून काढलेली आहे. अपघातानंतर हालचाली त्याच क्रमाने परत येतील, असे आपण गृहीत धरू नये.

आणखी एक अडचण आहे. या ८८ कृती पाच वर्षांच्या निरोगी मुलाला जमतात. म्हणजे बारा वर्षांच्या मुलीला पैकीच्या पैकी गुण मिळाले, तरी तिला लंगडी खेळता येईलच असे नाही. अशा रुग्णांसाठी मेलबर्नमध्ये २००५ च्या सुमारास १३ कृतींची, ५४ गुणांची 'हायमॅट' ही चाचणी तयार झाली. उलटे चालणे, चवड्यांवर चालणे, अडथळा ओलांडणे, धावणे, एका पायावर उड्या मारणे, जिना चढणे असे तिचे स्वरूप आहे. मूळची ती मोठ्यांसाठी. पुढे मुलांवरही तपासली गेली. लहान वयात आणखी एक गुंता असतो. इजा झाली नसती तरी दोन वर्षांत मूल नवे काही शिकलेच असते. म्हणून गुणांशेजारी त्या वयाच्या इतर मुलांचे गुण ठेवून पाहावे लागतात.

आणि चाचणी होते ती मोकळ्या, शांत जागेत. पाठीवर दप्तर, जिन्यावर गर्दी आणि तेवढ्यात मागून कोणी हाक मारली, तर तोल कसा राहतो, हे त्या ५४ गुणांत कोठेच येत नाही. ते दिसते शाळेत.