दुसरा फ्लॅट कर्जावर घेताय? आधी हा हिशोब मांडा

चाळीतून, वस्तीतून निघून स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेली आपली पहिली पगारदार पिढी आता गुंतवणुकीचा विचार करू लागली आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र "दुसरा फ्लॅट कर्जावर घ्या, हप्ता भाडेकरूच भरेल" हा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. तो कितपत खरा आहे, हे आपण आकड्यांतच पाहू.

समजा, पुण्यात 50 लाखांचा तयार फ्लॅट घ्यायचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के रक्कम देते, म्हणजे इथे 40 लाख. उरलेले 10 लाख आपले. त्यावर 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि 30 हजार नोंदणी फी मिळून आणखी 3 लाख 80 हजार. फ्लॅट घरातील महिलेच्या नावावर घेतला तर शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. ती घेतली नाही असे धरू. म्हणजे खिशातून पहिल्याच दिवशी 13 लाख 80 हजार जातात.

कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 34,700 रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातले 28 हजारांहून अधिक व्याजातच जातात. मुद्दल फिटते जेमतेम 6,400. भाडे 14 हजार आले आणि सोसायटीचा मेंटेनन्स 2 हजार गेला, तर हातात 12 हजार उरतात. बाकीचे 22,700 दरमहा आपल्या पगारातून भरायचे. हप्ता भाडेकरू भरत नाही, आपणच भरतो.

पाच वर्षांनी फ्लॅट 60 लाखांना विकला असे धरू. वरवर 10 लाखांचा फायदा दिसतो. पण तोवर आपण एकूण 27 लाख 40 हजार घातलेले असतात आणि बँकेचे सुमारे 35 लाख 25 हजार देणे शिल्लक असते. ते फेडून हाती येतात 24 लाख 75 हजार. म्हणजे भाव 20 टक्के वाढूनही अडीच लाखांहून अधिक तोटा! या हिशोबात भाव दरवर्षी साधारण 4.6 टक्के वाढला तर कुठे घातलेले पैसे परत मिळतात. त्याहून वेगाने वाढला तर कर्जामुळे नफा मोठा होतो हे खरे. पण भाव पडला तर तोटाही तसाच मोठा होतो. 50 लाखांचा फ्लॅट 10 टक्क्यांनी उतरला, की आपण भरलेल्या 10 लाखांपैकी निम्मे गेलेच.

व्याजदरही स्थिर नसतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि अनेकांचे हप्ते किंवा कर्जाची मुदत वाढली.

सलग तीन महिने हप्ते थकले तर खाते बुडीत धरले जाते. त्यानंतर 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँक 60 दिवसांची नोटीस देऊन तारण मालमत्तेचा ताबा घेऊ शकते. भावाने किंवा मित्राने जामीन म्हणून सही केली असेल, तर तोही कर्जदाराइतकाच जबाबदार ठरतो.

मग घ्यायचाच नाही का? घ्या, पण काही पथ्ये पाळून. भाडेकरू नसतानाही सहा महिने हप्ता भरता येईल एवढी रक्कम बाजूला ठेवा. डाउन पेमेंटसाठी वैयक्तिक कर्ज काढू नका. राहते घर आणि आईवडिलांची निवृत्तीची पुंजी यात गुंतवू नका. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक तपासा. करार नोंदवण्याआधी बिल्डर 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडल्यास बँक दंड आकारू शकत नाही, त्यामुळे बोनस आला की मुद्दल कमी करा.

पहिले घर उभे करायला एक आयुष्य खर्ची पडले आहे. दुसऱ्यापायी ते जाऊ नये, एवढेच आमचे सांगणे.