सावरलेल्या माणसाचे नैराश्य

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जमीन हादरली. आदल्या रात्री गणपतींचे विसर्जन झाले होते, गावे गाढ झोपेत होती. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे झोपलेल्यांच्या अंगावर बसली. सरकारी आकडा धरला तरी जवळपास आठ हजार माणसे गेली. महिनाभराने मानसोपचारतज्ज्ञांनी वाचलेल्यांपैकी एका छोट्या गटाची तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत मानसिक आजार आढळला. त्यात आघातोत्तर ताणविकार आणि नैराश्य हे दोन प्रमुख होते. पण याच गावांची आणखी एक नोंद आहे. घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण सुरू झाले, तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून कामाला लागल्या. भिंतीचे दोन्ही थर बांधून ठेवणारे लांब दगड का घालायचे, दारा-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा पट्टा का हवा, हे त्या घरोघर समजावून सांगत आणि लोकांच्या अडचणी इंजिनिअरपर्यंत नेत. प्रेमा गोपालन यांनी उभ्या केलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेची पाळेमुळे याच कामात आहेत. 2001 मध्ये भूज हादरले, तेव्हा लातूरकडच्या बायका अनुभवाची शिदोरी घेऊन कच्छमध्ये पोचल्या.

या दोन नोंदी वाचण्याची सोपी रीत अशी, की आधी आजार होता, मग माणसे सावरली आणि आजार मागे पडला. मला ही रीत चुकीची आणि घातकही वाटते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स काल्हून यांनी 1990 च्या दशकात आघातोत्तर वाढीची कल्पना मांडली आणि 1996 मध्ये ती मोजण्यासाठी 21 विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. नात्यांतली जवळीक, नव्या वाटा, स्वतःच्या बळाची जाणीव, अध्यात्मातला बदल आणि जगण्याचे मोल अशी पाच अंगे ती तपासते. त्यांच्या मते ही वाढ आघातातून आपोआप उगवत नाही. जग बऱ्यापैकी सुरक्षित आहे, चांगल्याचे चांगले होते, ही मनातली घडी विस्कटते आणि ती नव्याने बसवताना जी झुंज द्यावी लागते, तिच्यातून ही वाढ येते. म्हणजे वाढ आणि वेदना यांचा उगम एकच. मग वाढ दिसली म्हणजे वेदना सरली, असे कसे म्हणता येईल?

संशोधनही तेच सुचवते. 2006 मध्ये व्हिकी हेल्गेसन आणि सहकाऱ्यांनी 87 अभ्यास एकत्र तपासले. संकटातून काही चांगले हाती लागले असे मानणाऱ्यांत नैराश्य थोडे कमी होते, पण त्याच लोकांना त्या घटनेचे नकोसे विचार अधिक छळत होते. शिवाय संकटाला दोन वर्षे उलटून गेल्यावर हा संबंध अधिक अनुकूल दिसत होता. 2014 च्या दुसऱ्या एका एकत्रित विश्लेषणात वाढ आणि ताणविकाराची लक्षणे यांचे नाते कमानीसारखे निघाले. लक्षणे फार कमी असलेल्यांत वाढ कमी, मधल्या टप्प्यात सर्वाधिक आणि लक्षणे तीव्र झाली की पुन्हा उतरती. याचा अर्थ मला असा लागतो, की मन हलले नाही तर नव्या मांडणीची गरजच पडत नाही आणि ते पार खचले तर मांडणी करण्याचे बळ उरत नाही. घटनेचा अर्थ लावण्यासाठी जाणून केलेला विचार वाढीकडे नेतो. ‘माझ्याच वाट्याला का’ हे तेच ते मनात घोळत राहिले, तर ते नैराश्याला खतपाणी घालते. एकाच माणसाच्या एकाच दिवसात या दोन्ही गोष्टी घडू शकतात, सकाळी एक आणि रात्री दुसरी.

यावर एक वजनदार आक्षेप आहे: ही वाढ खरी कशावरून? प्रश्नावली तर माणसाच्या स्वतःच्या सांगण्यावर चालते. 2009 मध्ये पॅट्रिशिया फ्रेझियर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना आघाताच्या आधी आणि नंतर, असे दोनदा तपासले. ‘मी बदललो’ हे त्यांचे म्हणणे आणि मोजलेला बदल यांचा मेळ फारसा बसला नाही. पुष्कळदा ती स्वतःला दिलेली उभारी असते, हे मान्य करायलाच हवे. पण लातूरच्या बायकांची वाढ कागदावरच्या खुणांपुरती नव्हती. ती भिंतींत आणि परमुलखात केलेल्या कामात उतरली. यावर कोणी म्हणेल, मुळात खंबीर होत्या त्याच पुढे आल्या. काही अंशी तसे असेलही. तरी बाईला सभेत जागा, हाताला काम आणि सोबतीला दुसऱ्या बाया मिळाल्या नसत्या, तर तो खंबीरपणा चुलीपाशीच राहिला असता. पिंड आणि परिस्थिती अशी वाटणी इथे चालत नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो मला अधिक जवळचा वाटतो. वाढीचे गुणगान सुरू झाले, की दुःखी माणसावर आणखी एक ओझे पडते: एवढे सोसले, मग अजून शहाणपण कसे आले नाही? आपल्याकडे ‘देव परीक्षा पाहतो’ असे सांत्वन क्षणात तोंडावर येते. ज्याच्या घरातली चार माणसे माळवदाखाली गेली, त्याला या वाक्यात स्वतःच्या नापासपणाचा निकाल ऐकू येऊ शकतो. म्हणून वाढ ही कोणाकडून अपेक्षिण्याची गोष्ट नव्हे आणि उपचारांना पर्याय तर मुळीच नव्हे. झोप उडणे, भूक मरणे, कशातच मन न लागणे, जगणे नकोसे होणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर ते नैराश्य असू शकते. माणूस दिवसभर गावाच्या कामात असला तरीही.

भारतात मानसिक आजार असलेल्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक जण उपचारांबाहेर राहतात, असे 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले. आपत्तीनंतर जो कोपऱ्यात बसून राहतो, त्याच्याकडे निदान कोणाचे तरी लक्ष जाते. जो उभा राहून इतरांना आधार देतो, तो बरा आहे असे सगळे धरून चालतात. 2022 मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही 14416 क्रमांकाची सरकारी सेवा आज मोफत उपलब्ध आहे, पण फोन करण्याची वेळ आपल्यावर आली आहे हे अशा माणसाला स्वतःहून सुचणे कठीण असते. पुनर्वसनाच्या कामात पहिल्या महिन्यातल्या तपासणीइतकीच दोन वर्षांनंतरची तपासणीही आखलेली असावी आणि तिच्या यादीत गावाला सावरणाऱ्यांची नावे सर्वांत आधी असावीत.