फोटो फुकट असतो का? फिल्म विरुद्ध डिजिटल

मोबाइलवर फोटो फुकट निघतो, असंच वाटतं ना? थांबा, हिशोब करू. फिल्मच्या एका रोलमध्ये ३६ फोटो. रोल, धुणं, स्कॅन मिळून समजा १,०८० रुपये. म्हणजे एका क्लिकला ३० रुपये. महागच! पण खर्च एकदाच. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह कोरड्या जागी ठेवली, तर पन्नास वर्षांनीही प्रिंट निघते.

डिजिटलचं उलटं आहे: काढणं स्वस्त, सांभाळणं महाग. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता १५ जीबी भरले की दरमहा भाडं, नाहीतर हार्ड डिस्क. आणि तीही कधीतरी बंद पडतेच.

आज्जीच्या लग्नाचा फोटो ट्रंकेत टिकला. तुमचाही टिकवायचाय? मग निवडक फोटो दोन ठिकाणी ठेवा आणि दरवर्षी दहा तरी प्रिंट काढा.